पात अर्धी राहिली नाही

पंचफुला, आधी हे लिहून टाकतो की तू जिंकली. बाकीचं मागाहून.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारापुढं मंडप टाकला होता. तुझा तो निळ्या लुगड्यातला फोटो ठेवला होता, ज्यात तू फोटोवाल्यावर चिडलेली दिसते. वंदना झाली, मग बोलणारे उठले. रिटायर झालेले मास्तर म्हणाले की पंचफुलाबाईंची प्राणज्योत शांतपणे मालवली. त्यांच्या मागून जो बोलला त्यानंही तुला शांतपणेच मालवलं. तिसऱ्यानंही तेच केलं तेव्हा माझ्यानं बसवलं नाही. मी उठलो आणि माईक मागितला. सुजातानं मागून माझा सदरा ओढला. तिला वाटलं, बाबा आता कोणाचा तरी पाणउतारा करतात.

मी म्हणालो, "मास्तर, तुमी भला मानूस. पण तुमी तिथं नव्हते, मी होतो. मालवली-गिलवली काई नाई. ती भांडून गेली. आन ज्याच्यासाठी भांडली ते घेऊन गेली."

आणि खाली बसलो. एवढंच बोलता आलं. तू काय घेऊन गेली ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं. ते इथं लिहितो. वही तुझीच आहे, दहावीच्या मराठीची. पुढच्या पानांवर तू आहे, म्हणून मी शेवटच्या पानापासून धरलं आहे. ते भरलं की त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. तू शिकवलं होतं, बोललेलं बोलल्यासारखं लिहा आणि बाकीचं पुस्तकासारखं. माझ्या चार वर्गांत जेवढं बसतं तेवढं बसवतो.

तू अंगणवाडीतून मदतनीस म्हणून रिटायर झाली आणि दुसऱ्याच महिन्यात सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणारे भरतात तो. मी हसलो होतो.

"कोनती नौकरी पाह्यजे आता तुले?"

"नौकरी कायले? मले आठवीचं पुस्तक पाहाचं होतं, तवा बाबानं वावरातलं गवत निंदाले धाडलं. आता एकदम दहावीचंच पाहून घेईन."

सुजाता दर रविवारी वर्ध्याहून यायची. पोरगी स्वतः मास्तरीण, तरी तुझ्यापुढं बसली की तिचाच तास घेतल्यासारखं व्हायचं. एका रविवारी तिनं सरावाच्या कागदांची झेरॉक्स आणली. त्यात ती कविता होती. लिहिणारीचं नाव झेरॉक्समध्ये कापलं गेलं होतं, कविता तेवढी शाबूत होती. मला आता पाठ आहे.

ऊठ माय, दिवस अजून कासराभर आहे,
तुझी पात अर्धी आहे.
कमर धरू नको, खाली टेकू नको,
बांधावर उभा आहे त्याच्याकडे बघू नको.
तो रोज येतो, रोज उभा राहतो,
त्याला म्हण, थांब जरा.
माझी पात सरली माय,
मी समोरून येते आहे.

खाली लिहिलं होतं, वरील कवितेचे रसग्रहण करा. तू विचारलं रसग्रहण म्हणजे काय. सुजाता म्हणाली, "कवितेत काय आवडलं आन काऊन आवडलं, ते सांगाचं, माय."

"मंग तसंच इचारा ना सरळ."

मग सुजातानं गाइडातलं वाचून दाखवलं. आई मरणाच्या दारात आहे. लेक तिला सांगते की मरणापुढं हार मानू नको. पात म्हणजे आयुष्य. बांधावर उभा आहे तो मृत्यू. ही झाली मध्यवर्ती कल्पना. मग आशयसौंदर्य, मग काव्यसौंदर्य, असे तीन-चार खण पाडून त्यात कविता भरायची होती.

मी ओसरीवर दोर वळत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "कायचा मृत्यू? तो मालक हाय शेताचा. जिंदगी गेली माही त्याले पाहून. छत्री घेऊन बांधावर उभा राह्यते आन कोन वाकलं, कोन बसलं, ते पाह्यते."

सुजाता हसायला लागली. तू नाही हसली. तू म्हणाली, "तुमचंबी बरोबर हाय जी. निंदनाऱ्या बाईले दोघंबी सारखेच. दोघंबी कमर सरळ करू देत नाई."

"माय, हे पेपरात लिहू नको हं."

"काऊन? आवडलं ते लिहाचं म्हनली ना तू?"

पण खरं भांडण पुढं झालं. मी म्हणालो, ही कविता करणारी बाई येडी आहे. मरून राहिलेल्या माणसाला ऊठ म्हणते. पडू द्यावं ना तिला. जन्मभर वाकली, आता जातानाही हिचं ऐकायचं? तू माझ्याकडे पाहिलं, मग पेन ठेवला आणि सुजाताला विचारलं, "तुह्या गाइडवाल्यानं कधी निंदन केलं हाय काय?"

"नसंल केलं."

"म्हनूनच."

आणि मग तू सांगितलं. मी तुझ्याकडे पाठ करून बसलो होतो, पण दोर वळणारे हात थांबले होते, ते तू पाहिलंच असेल. तू म्हणाली, निंदणाला बायका ओळीनं बसतात. तास म्हणजे पिकाची ओळ, असे चार-पाच तास ज्या बाईच्या वाट्याला येतात ती तिची पात. एखादीची पात लवकर सरते, एखादी मागं पडते. ती आजारी असते, तिला दिवस गेलेले असतात, म्हातारी असते. जिची सरली ती बांधावर जाऊन बसत नाही. ती मागं पडलेलीच्या पातीला पलीकडच्या टोकाकडून लागते आणि निंदत निंदत तिच्या समोरून येते. मग त्या मागं पडलेलीला सगळी पात करायची नसते. मधात जिथं भेट होईल तिथवरच करायची. भेट झाली की विळ्याला विळा लावायचा, उठायचं आणि पाणी प्यायचं.

"मरू नको म्हनून नाई राह्यली ते लेक," तू म्हणाली. "ते काय येडी हाय? मी येईपर्यंत हात थांबवू नको म्हनून राह्यली. आन त्या बांधावरच्याले थांब म्हन्ते ते काई जलमभर नाई. लेक पोचेपर्यंत."

सुजातानं गाइड मिटलं. मग म्हणाली, "माय, उद्यापासून माह्या वर्गावर तूच ये."

तिथं मी गप्प राहायला पाहिजे होतं. तुझं पटलं होतं, त्याचाच राग आला होता. मी म्हणालो, "बोलाले गोड हाय. पन मरनाऱ्यापाशी कोनी पोचत नाई. ज्याचं त्यालेच करा लागते."

तू विचारलं, "तुमचं काय दुखते जी या कवितेत?"

"माह्यं काय दुखन?" मी दोर उचलला आणि गोठ्यात गेलो. मागून तुझा आवाज आला, "मंग हे मी अर्धंच ठेवते. तुमचं आयकल्याबिगर पुढं लिहत नाई."

तू खरंच लिहिलं नाही. दुसरी वही काढून तिच्यात बाकीच्या कवितांची रसग्रहणं केली, निबंध केले, पत्रं लिहिली. नसलेल्या नगराध्यक्षाला तू जे नळाबद्दल पत्र लिहिलं होतं ते वाचून तर मलाच पाणी सोडावंसं वाटलं. परीक्षा दिली. नातवंडांच्या वयाच्या पोरांमध्ये बसून आली आणि मला म्हणाली, माह्या मांगचा पोट्टा मलेच कॉपी मागत होता. निकाल लागला तेव्हा सुजातानं मोबाइलवर पाहून फोन केला. तू सगळ्या विषयांत पास. मराठीत सगळ्यात जास्त. तू मला पेढ्यांसाठी हिंगणीला पिटाळलं आणि मी येईपर्यंत अर्ध्या गावाला गुळाचा खडा देऊन मोकळी झाली, म्हणाली तुमची वाट कोन पाह्यते. पण ते एक पान अर्धंच राहिलं. कधी ही वही उघडली की तू त्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर थांबायची, माझ्याकडे पाहायची आणि पान उलटायची.

आता काय दुखत होतं ते लिहितो. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण सुजाता वाचेल.

माझी माय गेली तेव्हा सुजाता तुझ्या पोटात होती. तीन दिवस मायचा जीव जात नव्हता. तो घशातला आवाज घरभर होता, भांड्यांत होता, अंथरुणात होता. डॉक्टर आदल्या दिवशी पाहून सांगून गेला होता की आता काही नाही. तरी तिसऱ्या दिवशी तू म्हणाली, जा, हिंगणीहून डॉक्टरला पुन्हा आणा. मी सायकल घेतली. कालव्यापर्यंत गेलो आणि उतरलो. पाळीवर बसलो. हिंगणीकडे गेलो नाही आणि घराकडेही आलो नाही. पाण्यात पाय सोडून बसून राहिलो, बसूनच राहिलो. मला तो आवाज ऐकायचा नव्हता, एवढंच. घरी आलो तेव्हा तू मायचे डोळे झाकले होते. मी म्हणालो, डॉक्टर भेटला नाही. तू म्हणाली, हातपाय धुऊन घ्या.

त्यानंतर आपण सगळ्या गोष्टींवर भांडलो. बैलांवर, मिठावर, सुजाताच्या डी.एड.च्या कॉलेजवर. त्या दिवसावर एकदाही नाही.

मग तुझ्या पोटातली ती गाठ निघाली. सोयाबीन कापणीला आलं होतं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, घरी न्या, थोडे दिवस आहेत, जे खावंसं वाटेल ते द्या. सुजातानं सुटी टाकली आणि राहायला आली. शेजारची सिंधूबाई रोज येऊन बसायची. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, तिले मोकळं करा. तिचा जीव तुमच्यात अडकला. एकदा तोंडानं म्हना, जाय म्हनून."

आपल्याकडे म्हणतात तसं. मलाही वाटलं, हेच बरं. दुपारी तुझ्या खाटेपाशी बसलो आणि म्हणालो, "पंचफुला, जाय तू आता. आमची काई काळजी करू नको."

तू डोळे उघडले. "कोन म्हनलं मी थकली? तुमाले घाई हाय काय?"

सिंधूबाई पदराआड हसली. सुजाता बाहेर जाऊन हसता हसता रडली. तू त्या दिवशी ठेचा मागितला, भाकरीचा एक घास खाल्ला, तिखट कमी पडलं म्हणून सुजाताला ऐकवलं आणि विचारलं, तुरीले फूल धरलं काय.

तूर फुलली. शेंगा धरल्या. दवाखान्यातून सुजाताला फोन आला, कशी आहे आई. सुजाता म्हणाली, "आहे. आणि भांडते आहे." मी ऐकत होतो आणि मला अभिमान वाटत होता, आणि भीतीही वाटत होती. कारण मला ठाऊक होतं तू कशाला थांबली आहे. ते पान अर्धं होतं.

शेंगा खाण्याजोग्या झाल्या तेव्हाची गोष्ट. मी तुझ्या खाटेपाशी बसून ओल्या शेंगा सोलत होतो. तू पडल्या पडल्या म्हणाली, "काय दुखते जी त्या कवितेत?"

मी सांगितलं. कालवा, सायकल, पाण्यात पाय, सगळं. तुझ्याकडे न पाहता, शेंगांकडे पाहून सांगितलं. माझं सरल्यावर म्हणाली, "मायनं मले तीनदा इचारलं होतं, आला काय. मी तीनदाबी म्हनलं, येऊन राह्यला. सायकलचा आवाज येऊन राह्यला, आइक. मंग ते दाराकडं पाह्यत राह्यली. आन तशीच गेली."

हातातली शेंग कशी चुरडली ते कळलं नाही.

"खोटं बोलली तू तिच्याशी."

"हो. तवा मी खोटं बोलली. आता तुमी ते खरं करा."

एवढंच. तू कूस बदलली आणि झोपली. मी मात्र तिथं बसून हिशेब लावत राहिलो की या बाईनं तेव्हा काय केलं होतं. पोटात पोर घेऊन ती माझ्या मायच्या पातीला समोरून लागली होती. माझ्या वाट्याची पात होती ती. मी कालव्यावर बसलो होतो आणि माझे तास तू काढत होती. आणि उठून कोणाला सांगितलंही नाही की हे मी केलं.

त्याच्या पाचव्या दिवशी तो आवाज आला. तोच. इतक्या वर्षांत त्याच्यात काही फरक पडला नव्हता. दुपार उतरली होती. सुजाता तुझे पाय धरून बसली होती आणि तुला हाक मारत होती, माय, वं माय. मी उठलो. खोटं कशाला लिहू, मी उठलो आणि दारापर्यंत आलो. एक चप्पल पायात गेली. बाहेर उजेड होता, आवाज नव्हता. दुसरा पाय चपलेवर ठेवला होता.

तेव्हा मी मागं पाहिलं. तू माझ्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात विनवणी नव्हती. निंदणात कोणी पाणी पिण्याच्या मिषानं उठून झाडाखाली रेंगाळलं की तू ज्या नजरेनं पाहायची, तीच ती नजर होती.

मी चप्पल काढली. आलो, बसलो, तुझा हात घेतला. मग ते आपोआप आलं.

"मी येऊन राह्यलो, पंचफुला. समोरून येऊन राह्यलो. चारच तास उरले. इकडून मी काढून राह्यलो, तू तिकडून काढ. घाई नाई."

सुजाता माझ्याकडे पाहायला लागली. तिला आधी वाटलं, बाबाचं डोकं गेलं. मग तिला कविता आठवली, आणि तीही बोलू लागली. "दिवस हाय अजून, माय. कासराभर हाय." आणि खरंच होता. दारातून ऊन आत आलं होतं, खाटेच्या पायापर्यंत. तो आवाज चालूच होता, पण मी त्याच्या सोबत चाललो होतो, म्हणून त्याचं भय गेलं. तुझा एक श्वास, माझं एक झुडूप. इथं दिवाळी गवत आहे, हे मुळासकट काढतो. इथं कुंदा आहे, हा हट्टी आहे, थांब. इथं पराटीचं रोप वाचवून घेतो. मी बोलत राहिलो. माझ्या जन्मात एवढं कधी बोललो नव्हतो.

मधात तुझे ओठ हलले. मी कान खाली नेला. तू म्हणाली, "गवत ठेवू नका मांगं."

मला वाटतं मी हसलो. सुजातानं विचारलं, काय म्हनली माय? मी सांगितलं. तीही हसली. तू आमचं हसणं ऐकलं, हे मी शपथेवर सांगतो, कारण तुझी बोटं माझ्या हातात वळली. मग मी एक झुडूप काढलं आणि तुझा श्वास आला नाही. भेट झाली होती.

ऊन तेव्हाही दारात होतं. म्हणून म्हणतो, शांतपणे-बिंतपणे नाही. तू बांधावरच्याला सोयाबीनपासून तुरीपर्यंत उभं ठेवलं. तो रोज आला, रोज उभा राहिला आणि तू त्याला म्हणाली, थांब जरा. माझा नवरा कालव्यावर बसला आहे, त्याला यायला उशीर लागतो. आणि मी आल्यावरच तू हातातला विळा ठेवला. मालकाला एवढं कोणी थांबवलेलं मी पाहिलं नाही.

मी रडत नाही असं नाही. चहा दोघांचा मांडतो आणि मग दोन्ही कप मीच पितो. पण रडतो तेव्हाही मान वर असते. सुजाताला मी काल सांगितलं, तुझी माय गेली याचं दुःख कर, पण ती हरली असं कोणाच्या तोंडून ऐकून घेऊ नको. ती म्हणाली, "बाबा, तुमी मास्तरचा माईक हिसकला, आता कोनाची हिंमत हाय?" आणि या साली तिच्या वर्गाला ती हीच कविता देणार आहे. गाइडाशिवाय.

पंचफुला, लिहिता लिहिता वही सरत आली. मागून येता येता मी तुझ्या पानाशी पोचलो. हे बघ, या बाजूला मी आहे आणि पान उलटलं की तू. वर तुझ्या गोल अक्षरात लिहिलं आहे, "या कवितेत मला आवडलं ते असं की" आणि पुढं कोरं आहे. तू माझ्यासाठी जागा सोडली होती. मी तिथं लिहिलं, "लेक समोरून येते, आणि ती येईपर्यंत बांधावरच्याला थांबावं लागतं. मलाही आवडली."

तुझ्या अक्षराला माझं अक्षर लागलं. मागं गवत नाही, मी पाहून आलो.

ऊठ आता. पाणी पिऊ.